कोरडा आवाज

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली रात्र. पांडवलेण्याच्या डोंगरामागे संध्याकाळपासून विजा चमकत होत्या, आणि साडेबाराच्या सुमारास वळवाचा पाऊस एकदम कोसळला. नाशिकमध्ये, पाथर्डी फाट्याच्या आमच्या भागात पहिल्या दहा मिनिटांतच लाइट गेली. खिडकीतून मातीचा वास आला, पंख्याची पाती हळूहळू थांबली, आणि मी उशी घेऊन हॉलमधल्या फरशीवर येऊन पडलो. पावणेतीनला लाइट आली. पंखा फिरायला लागला, खाली पार्किंगमध्ये पॅनलचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीला वीज जोडणारा स्विच, ‘टक्क’ करून बसला आणि सोसायटीची मोटार सुरू झाली. तिचा आवाज माझ्या कानाला लागला तो तेव्हाच. पंपात पाणी असलं की मोटार भरल्या गळ्यानं घुमते. ही घुमत नव्हती. पोकळ, किरकिरी, रिकाम्या डब्यात खडे हलवावेत तशी वाजत होती. पंधरा-वीस सेकंदांनी पुन्हा ‘टक्क’, आणि शांतता. मी मनात म्हटलं, पाणी नसलं की मोटार बंद करणाऱ्या ड्राय रन रिलेनं तोडली. यंत्रणा काम करते आहे. तेवढ्यात लाइट पुन्हा गेली, पुन्हा आली, आणि पुन्हा तोच कोरडा आवाज. असं सहा वेळा झालं. सहाही वेळा मी तो आवाज फरशीवर पडल्या पडल्या ऐकला, सहाही वेळा ‘टक्क’ची वाट पाहिली, आणि तो आला की कूस बदलली.

मला तो आवाज ओळखता आला होता. उठलो मात्र नाही.

सकाळी प्लंबर आला, ‘पंपानं हवा धरलीय’ म्हणाला, पंपात पाणी भरून त्यानं मोटार लावून दिली. पाणी वर चढलं. सगळे आपापल्या आंघोळीला लागले. आठ वाजता जिन्यातून जळक्या वार्निशचा वास वर आला. हा वास एकदा नाकात बसला की आयुष्यभर जात नाही, कारण त्यातून नुसती तार जळालेली कळत नाही, पुढचे चार दिवस कळतात. रिवाइंडिंग, नवीन सील, तोवर टँकर, बादल्या, जिन्यात सांडलेलं पाणी, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारलेलं ‘आलं का हो पाणी?’

त्याच रविवारी मीटिंग झाली. खर्चाचा आकडा वाचून दाखवला आणि सगळ्यांच्या माना वॉचमन मामांकडे वळल्या. मामा पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचे. आमच्याकडे सहा वर्षं आहेत. ‘रात्री ड्युटीवर तुम्हीच होता ना? मग झोपला होता का?’ कोणीतरी विचारलं. मामा उभे होते. बसायला खुर्ची होती, पण ते मीटिंगमध्ये कधी बसत नाहीत. ते म्हणाले, ‘झोपलो नव्हतो. लाइट सहा वेळा आली-गेली. मोटार कोरडी चालत होती ती ऐकून मी पॅनलपाशी गेलोही होतो. पण पाटी आहे ना तिथं.’

पाटी मी लावली होती. आदल्या वर्षी एका मुलानं खेळता खेळता बटणं दाबली, म्हणून मी स्वतः छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून पॅनलच्या दारावर चिकटवली होती. ‘विनापरवानगी पॅनलला हात लावू नये. – सेक्रेटरी.’ एक माणूस पावणेतीन वाजता बॅटरी घेऊन त्या दारापर्यंत गेला, कोरडा आवाज ऐकत उभा राहिला, पाटी वाचली आणि परत फिरला. दुसरा माणूस चौथ्या मजल्यावर तोच आवाज ऐकत पडून होता. मीटिंगमध्ये ठरलं की मामांच्या पगारातून दोन महिने हजार-हजार रुपये कापायचे. मी मिनिट्स लिहीत होतो. ते वाक्यही मी लिहिलं. सही केली.

हे सगळं मला अधिक लागायचं कारण असं, की मी पोटासाठी हेच करतो. अंबडच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात आम्ही कंट्रोल पॅनल बनवतो. दिवसभर हातात फेरूल, लग, वायरचे रंग. गिऱ्हाइकानं दिलेल्या ड्रॉइंगप्रमाणे कोणत्या पॅनलमध्ये वीज गेल्यावर काय व्हावं आणि आल्यावर काय व्हावं, हे मी रोज तपासतो. नवीन मुलांना मी नेहमी सांगतो, लाइट जाणं हा पंपाला धोका नाही. लाइट गेली की मोटार गप्प बसते. धोका असतो लाइट परत येते तेव्हा.

हे मी अंबडमध्ये शिकलो नाही. निफाड तालुक्यात, आमच्या विहिरीवर शिकलो. आमचा द्राक्षाचा बाग कादवा नदीच्या बाजूला. शेतीच्या लाइनीला थ्री फेज लाइट एका आठवड्यात दिवसाची असायची, दुसऱ्या आठवड्यात रात्रीची, आणि रात्रीच्या आठवड्यात घरातल्या माणसांची झोप तिच्या मागे मागे फिरायची. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विहिरीच्या लाइनीवरचा एक बल्ब तार ओढून घराच्या ओट्यावर आणला होता. तो पेटला की लाइट आली. नाना खाटेवर त्या बल्बाकडे तोंड करून झोपायचे. पापण्यांवर उजेड पडला की आपोआप उठायचे, बॅटरी घ्यायचे, चप्पल घालायचे. मी सातवी-आठवीत असताना त्यांच्याबरोबर जायचो. बांधावरचं गवत पायाला ओलं लागायचं. विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीत स्टार्टर, त्याच्यात पालींची अंडी आणि तेलाचा वास. नाना आधी तिन्ही फेज तपासायचे. दोनच फेजवर लाइट असेल तर स्टार्टरला हात लावायचे नाहीत, कारण दोन फेजवर लागलेली मोटार गुरगुरत उभी राहते आणि जळते. मग पंपाच्या चाडीत तांब्यानं पाणी ओतायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. मग हिरवं बटण. आणि बटण दाबल्यावर नाना लगेच हलायचे नाहीत. मान तिरकी करून ऐकत राहायचे. पाणी लागलं की आवाज बदलतो, जड होतो. तो जड झाला की ते म्हणायचे, ‘हां, धरलं.’

ते ‘धरलं’ ऐकल्याशिवाय आम्ही घराकडे वळलो नाही, एकदाही नाही.

स्टार्टरमध्ये एक नो-व्होल्ट कॉइल असते. लाइट असेपर्यंत ती कॉन्टॅक्टरला धरून ठेवते, लाइट गेली की सोडून देते. आणि लाइट परत आली तरी मोटार आपोआप लागत नाही, माणसानं जाऊन बटण दाबावं लागतं. ज्यानं ही रचना केली त्याला माहीत होतं, की अंधारात मधल्या वेळेत काय काय घडलं असेल ते यंत्राला कळत नाही. पाणी खाली उतरलं असेल, पाइप निसटला असेल, कोणी विहिरीत उतरलं असेल. म्हणून निर्णय माणसाचा. आमच्याकडे मात्र यावर ऑटो स्विच निघाला. लाइट आली की तो स्वतःच हिरवं बटण दाबतो. शेजारच्या तात्यांनी बसवला, मग सगळ्यांनीच बसवला. रात्रभर जागायचं कोणी? आणि त्याबद्दल मी कोणाला बोल लावू शकत नाही. रात्रीच्या लाइटीपायी बांधावर विंचू चावलेली, साप चावलेली माणसं आमच्या शिवारात होती. झोप ही शेतकऱ्याची चैन नव्हती.

पण मग डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, जळायला लागली. याचं गणित मला पुढे आयटीआयमध्ये कळलं. पाच एचपीची मोटार चालू असताना साधारण 7 अँपिअर घेते, पण लागतानाच्या क्षणी त्याच्या सहापट ओढते. 100 केव्हीएच्या डीपीची क्षमता 133 अँपिअरच्या आसपास. तिच्यावर पंधरा मोटारी असल्या तर चालताना त्या शंभर-सव्वाशेत बसतात. पण पंधराही ऑटोवर असल्या आणि लाइट येताच एकाच सेकंदाला उठल्या, तर सहाशेच्या वर जातं. व्होल्टेज बसतं. व्होल्टेज बसलं की कोणतीच मोटार पूर्ण वेग घेत नाही, सगळ्या तशाच अर्धवट ओढत राहतात. फ्यूज उडतो, आणि फ्यूजच्या जागी कोणी जाड तार घातलेली असली तर डीपीच जाते. महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे की ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. ऐकायला हे सरकारी सूचनेसारखं लागतं. पण ज्यानं दहा दिवस डीपीची वाट पाहत डोळ्यांदेखत बाग सुकताना पाहिली आहे, त्याला त्यातलं प्रत्येक अक्षर खरं वाटतं. आमची डीपी ऐन ऑक्टोबर छाटणीनंतर जळाली होती. नानांनी दुसऱ्या दिवशी आपला ऑटो काढून टाकला आणि खाट पुन्हा बल्बासमोर ओढली.

थंडीतल्या एका रात्रीची आठवण वेगळी आहे. निफाडची थंडी नाशिकच्या थंडीपेक्षा कडक. मण्यांत साखर भरत असताना पारा पाच अंशांखाली गेला की मणी तडकतात. तेव्हा लोक बागेत शेकोट्या करतात आणि पहाटे ठिबक सोडतात, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा कितीतरी ऊबदार असतं. त्या रात्री तीनला लाइट आली, नाना मोटार लावून आले, आणि चारला, नेमक्या सर्वात गार वेळेला, लाइट गेली. आई, नाना, मी, तिघं बागेत शेकोट्यांना काटक्या घालत फिरत होतो. धूर वेलींच्या मांडवाखाली अडकून राहिला होता, डोळे चुरचुरत होते, पाठ गार आणि तोंड भाजलेलं. पाच वाजता ओट्यावरचा बल्ब लांबून टिमटिमला. मी पळत सुटलो. मला वाटलं बटण दाबायचं की झालं. नानांनी मागून हाक मारली, ‘थांब रे, आधी पाणी भर!’ तासाभरात फूट व्हॉल्व्हमधून, म्हणजे पाइपाच्या तळाशी पाणी अडवून धरणाऱ्या झडपेतून, पाणी उतरलं असेल, हे बागेच्या त्या टोकाला उभं असतानाही त्यांच्या डोक्यात होतं. कुठे काय राहिलंय, कुठे काय उतरलंय, याची जाग त्यांच्यात सतत पेटती असायची.

पॅनलमधल्या बॅटरीचं काम मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. ती मोटार चालवण्यासाठी नसते. मोटार चालवायची तर जनरेटर लागतो. ती असते ही जाग ठेवण्यासाठी. आमच्या सोसायटीच्या पॅनलमध्ये ती नव्हती, आणि त्या रात्री नेमकं काय झालं हे मला मीटिंगनंतर तीन दिवसांनी, कामावर एका पॅनलसमोर उभा असताना उलगडलं. ड्राय रन रिले मोटारीचा करंट बघतो. पंपात पाणी नसलं की मोटारीवर भार नसतो, करंट पडतो, आणि ठरावीक सेकंद तसं राहिलं की रिले मोटार तोडतो आणि लाल दिवा लावतो. कोणी येऊन रिसेट करेपर्यंत मोटार लागायची नाही, असा त्याचा शब्द. पण आमच्या रिलेचा तो शब्द चालू लाइटीवर टिकून होता. लाइट एक सेकंद जरी गेली तरी तो सगळं विसरायचा, आणि आली की कोऱ्या मनानं पुन्हा मोटार लावून बघायचा. टाकीतल्या पातळीचंही तसंच. वरच्या टाकीत दोन कांड्या असतात, एक खालची, एक वरची. पाणी दोन्हींच्या मध्ये असलं तर फक्त कांड्यांवरून कळत नाही की आपण भरत होतो की थांबलो होतो. ते लक्षात ठेवावं लागतं. आमचा कंट्रोलर लक्षात न राहिल्यास ‘भर’ असं धरून चालायचा. म्हणजे मी अंथरुणात ज्या ‘टक्क’ला यंत्रणा शाबूत असल्याची खूण समजत होतो, ती तीच चूक पहिल्यांदाच करत असल्यासारखी पुन्हा पुन्हा करत होती. सहा वेळा पंधरा-वीस सेकंद. मोटारीचं सील पाण्यानंच गार राहतं, पाण्यावाचून ते घासून तापतं. सील त्या रात्री गेलं. मोटार सकाळी जळाली, कारण सकाळी पाणी आलं आणि ते गेलेल्या सीलमधून शाफ्टवरून आत वाइंडिंगपर्यंत पोचलं.

त्यावरचा उपाय मोठा नव्हता. 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी, स्कूटीच्या बॅटरीएवढी, हजार-बाराशे रुपयांची. कंट्रोलर आणि रिलेला मिळून दहा वॅटही लागत नाहीत, तेवढ्यात ती पाच-सहा तास सहज काढते. कॉन्टॅक्टरची कॉइल मात्र तिच्यावर घ्यायची नाही. कॉन्टॅक्टर लाइट जाताच पडलाच पाहिजे. आणि लाइट आल्यावर तिन्ही फेज नीट आहेत, क्रम उलटा नाही, व्होल्टेज स्थिर आहे हे तीन मिनिटं बघून मगच मोटार. मोठ्या ठिकाणीही तत्त्व हेच. सबस्टेशनात, मोठ्या पंप हाउसमध्ये 110 व्होल्टच्या डीसी बॅटऱ्यांची रांगच्या रांग असते, कारण सगळा अंधार झाल्यावरही ब्रेकर तोडता आला पाहिजे. गंगापूर किंवा मुकणे धरणावरच्या पंपांची वीज गेली की दुसऱ्या दिवशी शहरात पाणी कमी दाबानं येतं आणि आपण चिडतो. मीही चिडायचो. पण कित्येक किलोमीटर लांब वाहिनीतलं पाणी पंप थांबताच उलटं फिरतं, व्हॉल्व्ह आपटून बंद झाला तर त्याच्या धक्क्यानं पाइप फाटू शकतो. तिथेही लाइट आल्या आल्या बटण दाबून भागत नाही. हवा काढत, हळूहळूच पाणी चढवावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी मी सोसायटीत ही बॅटरी सुचवली होती. ‘पुढच्या मीटिंगला बघू’ म्हणाले, आणि मीही पुन्हा बोललो नाही. गेटला नवा रंग दिला त्या वर्षी. तेव्हा बोलायला हवं होतं, हे मला त्या जळक्या वासापेक्षा जास्त झोंबतं.

आता गावाकडे मोबाइल स्टार्टर आले आहेत. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं नॅनो गणेश आलं, मग इतरही कितीतरी. आत छोटी बॅटरी असते, लाइट आली की फोन येतो, फेज किती आहेत ते सांगतो, खाटेवरून मोटार लागते. सौर वाहिनीमुळे आमच्या शिवारात दिवसा लाइट मिळू लागली आहे. नाना असते तर त्यांना आनंद झाला असता, याबद्दल मला शंका नाही. त्यांना जागण्याची हौस नव्हती. पण मोटार लागल्यावर ते मान तिरकी करून उभे राहायचे, ते फोनवरून कसं केलं असतं, हे मात्र मला सुचत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी मामांच्या खोलीवर गेलो. ते चुलीवर नाही, गॅसवरच, पण चुलीवर भाजावी तशी नागलीची भाकरी हातानं थापून भाजत होते. मी हजार रुपये पुढे केले. म्हटलं, मामा, तुमचे कापलेले. त्यांनी नोटांकडे पाहिलं, भाकरी उलटली. ‘तुम्ही कशाला देता? सोसायटीनं घेतले. सोसायटीनं द्यावेत.’ आवाजात राग नव्हता. मी पैसे खिशात घातले आणि जिना चढताना मला धाप लागली, चार मजले रोज चढतो तरी.

जूनच्या मीटिंगमध्ये मी मिनिट्स लिहायला दुसऱ्याला बसवलं आणि उभा राहिलो. सहा वेळा आवाज ऐकला, ओळखला, उठलो नाही, असं सांगितलं. पाटी मी लावली आणि मामांनी ती पाळली, हेही सांगितलं. काही जणांनी मान हलवली, काही जण फोनमध्ये होते, एक जण म्हणाला, ‘जाऊ द्या, झालं ते.’ कापलेले पैसे परत करायचं आणि दुसरा हप्ता कापायचा नाही असं ठरलं. बॅटरीही मंजूर झाली. मी एका रविवारी स्वतः बसवली, आणि पॅनलच्या दाराबाहेर एक मोठं लाल बटण लावलं, मोटार बंद करायचं. पाटी काढली. गोंदाचा चौकोन अजून दिसतो तिथे. तोवर मामा लावणीला गावी गेले होते. पैशांचं पाकीट माझ्या कपाटात पडून राहिलं.

जुलैमध्ये दोनदा रात्री लाइट गेली. दोन्ही वेळा मी खाली उतरलो. अंधारात कंट्रोलरचा हिरवा ठिपका तेवढा दिसत होता. लाइट आली, तीन मिनिटं काहीच झालं नाही, मग ‘टक्क’. पहिले काही सेकंद आवाज मला किंचित हलका वाटला, मग जड झाला. मी मनात ‘धरलं’ म्हटलं आणि वर गेलो.

मामा पोळ्याच्या आधी परत आले. पाकीट घेतलं, माझ्यासमोर मोजलं, बंडीच्या खिशात ठेवलं. त्या रात्री आम्ही दोघं पॅनलपाशी होतो. मोटार टाकी भरून थांबली. मी वळणार एवढ्यात मामांनी हात वर केला आणि सक्शनच्या पाइपाला कान लावला. बराच वेळ. मग मला खुणेनं बोलावलं. मीही कान लावला. पाइप गार होता, आणि आत कुठेतरी, अगदी बारीक, पाणी खाली उतरत होतं.

‘मोटार दुरुस्त केली तुम्ही,’ मामा म्हणाले. ‘फूट व्हॉल्व्ह कोणी पाहिलाच नाही.’

सकाळी मनपाचं पाणी यायच्या आत आम्ही सक्शन पाइप वर ओढला. मामांनी जाळी काढली, झडप बोटानं उचलली. चामड्याच्या चकतीखाली हरभऱ्याएवढा एक खडा अडकून बसला होता.

त्यांनी तो नखानं काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.